पूर्वेकडची कोरी पट्टी

वसमतला बसस्थानकापासून थोडं पुढं माझं डिझाइनचं दुकान आहे. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लॅमिनेशनचं मशीन, एवढंच. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, हळद पावडरच्या पाकिटांची लेबलं, शाळेची ओळखपत्रं ही माझी रोजची कामं. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून करते आहे. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते नवशिक्या बाईच्या हातून झालं नाही. मला माझं काम येत होतं.

माझं माहेर शिरड शहापूरच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत वळल्यावर. तिथं माय आणि माझा मोठा भाऊ राहतात. दादा तेवीस वर्षांचा असताना हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवर बसून वसमतला निघाला होता. मोंढ्यात हळद उतरवायची आणि तसंच बसनं परभणीला जाऊन परीक्षेचा अर्ज भरायचा, असा त्याचा बेत होता. वळणावर ट्रॉली उलटली. दादा खाली आणि पोती त्याच्या पाठीवर. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. मी तेव्हा अकरावीला होते.

पहिली तीन वर्षं तो खाटेवरच होता. त्या तीन वर्षांत त्याला सगळ्या गावानं उचललं. जीपमध्ये ठेवताना, दवाखान्यात, न्हाणीच्या दगडावर. मग व्हीलचेअर आली आणि तो अंगणात फिरायला लागला. एकदा भावकीतल्या लग्नात मांडवाची पायरी उंच होती म्हणून चौघांनी त्याला खुर्चीतून उचललं, आणि सगळ्या बायाबापड्यांसमोर त्याची लुंगी सुटली. कोणी हसलं नाही. पण दादा त्यानंतर कुठल्या लग्नाला गेला नाही. "मला कोणी उचललेलं चालत न्हाई," एवढंच तो सांगायचा. जिथं खुर्ची जात नाही तिथं तो जात नव्हता.

स्वतःची परीक्षा राहिली ती राहिलीच. पण तो वस्तीतल्या पोरापोरींना शिकवायला लागला. आमच्या घरासमोर पत्र्याचं छप्पर आहे, त्याच्याखाली. पोलीस भरती, तलाठी, बँक, ज्याला जे द्यायचं असेल ते. वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवून त्यानं विषयवार वह्या केल्या होत्या. त्याच्या हाताखालून गेलेली काहीजणं नोकरीला लागली. पोरं त्याला सर म्हणायची, आणि माय ते ऐकायला मुद्दाम दारात येऊन बसायची.

विहाराशेजारच्या रिकाम्या जागेवर अभ्यासिका बांधायचं ठरलं तेव्हा दादाला काय झालं होतं ते मी पाहिलंय. मी गेले की मला खाली बसू द्यायचा नाही, आधी वही दाखवायचा. कपाटं कुठं, टेबलं किती, वर्तमानपत्रं कुठल्या भिंतीला.

"आपल्याला एक खोली लागते बाई," तो म्हणाला, "जिथं पोरींना पाणी आणायला कोणी हाक मारणार न्हाई. बास. बाकी मी बघतो."

अभ्यासिका दादानंच सांभाळायची, किल्ली त्याच्याकडं राहायची, हे विहार समितीत सगळ्यांनी मान्य केलं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्त मास्तर. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते स्वतः घरी येऊन दादाला म्हणाले होते, "तुझ्याशिवाय हे चालणार कोण्या हातानं?"

अडचण एकच होती. त्या जागेला नाल्याचं पाणी लागतं, म्हणून जोतं अडीच फूट उंच घ्यायचं होतं. म्हणजे पुढून पाच पायऱ्या. नकाशा आमच्याच गावच्या एका इंजिनिअरनं फुकट काढून दिला होता. तो पुण्याला नोकरीला असतो, दादाहून लहान. सरकारी निधीसाठी पंचायत समितीच्या कचेरीत तो नकाशा मंजूरही झाला. मग दादानं पायऱ्या पाहिल्या आणि त्याला फोन लावला.

"एक फूट चढाला बारा फूट लांबी," दादा त्याला फोनवर सांगत होता. मी तिथंच होते. "अडीच फुटाला तीस. पूर्वेकडची भिंत बत्तीस फूट हाय, बराबर बसतंय. मागच्या कोपऱ्यातून चालू कर आन् भिंतीला लागून पुढच्या ओट्यावर आण. पाच फूट पट्टी सोड."

इंजिनिअर म्हणाला, "करतो सर. रॅम्प टाकून नवा नकाशा ताईला पाठवतो. प्रिंट ताईकडूनच काढून घ्या."

ती ताई म्हणजे मी.

पायाभरणीच्या कार्यक्रमासाठी काकांना अभ्यासिकेचं मोठं रंगीत चित्र हवं होतं. भिंती, खिडक्या, टेबलं, कपाटं, सगळं वरून पाहिल्यासारखं, साध्या माणसाला कळेल असं. मी म्हटलं, मी करते. इंजिनिअरनं कॅडमधला नकाशा मेलनं पाठवला. कॅड म्हणजे इंजिनिअर लोक ज्यात नकाशे काढतात ते. मी ज्यात काम करते ते चित्रांचं सॉफ्टवेअर. एकातला नकाशा दुसऱ्यात आणायचा म्हणजे इम्पोर्ट करायचा, आणि हे काम मी आधी दोन-तीन वेळा प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिरातीसाठी केलं होतं. दरवेळी तकलीफ झाली होती.

यावेळीही झाली. पहिल्यांदा फाइल उघडलीच नाही, माझं सॉफ्टवेअर जुनं. इंजिनिअरला सांगून जुन्या प्रकारात मागवली. मग उघडली तर सगळा नकाशा पानाच्या मधोमध तिळाएवढा. माप विचारतं तिथं मी मिलिमीटर ठेवलं होतं, नकाशा फुटांत होता. ते बदललं तर पान सोडून बाहेर पसरला. तिसऱ्या वेळी बसला. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं, दरवाजाच्या कमानी तुकड्या-तुकड्यांच्या, आणि भिंतीत जिथं तिरप्या रेघा होत्या तिथं हजारो सुट्या रेघा. कॅडमधली भिंत म्हणजे शेजारी-शेजारी दोन रेघा असतात. त्या टोकाला जुळलेल्या नसतात. माझ्याकडं रंग भरायचा तर आकार चारी बाजूंनी बंद लागतो. एक-एक टोक पकडून मी सगळ्या भिंती जोडल्या. दोन दिवस दुकानात दुसरं काम घेतलं नाही.

दरवेळी इम्पोर्ट करताना एक लहान चौकट पुढं यायची. इंग्रजीत दोन ओळी. तसल्या चौकटी दिवसातून वीस वेळा येतात. फॉन्ट सापडला नाही, रंग जुळत नाही, असंच काहीतरी असतं. मी ओके दाबत गेले. इम्पोर्ट तीनदा केला, म्हणजे ती चौकटही तीनदा आली.

सगळ्या भिंती जुळल्यावर मी चित्र लांबून पाहिलं. पूर्वेकडं पाच फुटांची एक पट्टी कोरी होती. इमारतीच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत, मागून पुढपर्यंत, काहीच नाही. मला रॅम्प आठवला नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. आठवला. मनात आलं, रॅम्प वेगळा दाखवतात वाटतं, मोजमापाच्या नकाशात असेल. आणि चित्रात पट्टी रिकामी बरी दिसेना. मी तिथं हिरवा रंग भरला आणि गुलाबाची झाडं लावली. एक झाड काढलं, त्याच्या कॉप्या केल्या, एकाआड एक लहान-मोठी. फार छान दिसलं. इंग्रजी आकडे आणि नावं गेली होती ती मराठीत टाइप केली: वाचन कक्ष, मुलींचा कक्ष, पुस्तकं, ओटा, लांबी बत्तीस फूट. ती इतकी ठसठशीत आली की मलाच कौतुक वाटलं.

दादाला मोबाइलवर चित्र पाठवलं. त्याचा लगेच फोन आला.

"लय भारी झालंय. पण हे पूर्वेकडं हिरवं काय हाय?"

"फुलझाडं."

"आन् रॅम्प?"

"हे नुसतं चित्र आहे दादा, शोभेचं. रॅम्प इंजिनिअरच्या नकाशात असतोय ना."

"व्हय का. मंग ठीक," तो म्हणाला. "मला वाटलं राहिला."

तेव्हा त्यानं विचारलं होतं. मला फाइल परत उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती.

पायाभरणीला मोठा फ्लेक्स लागला. लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. बांधकाम घेतलेला मिस्त्री कार्यक्रमात माझ्याकडं आला आणि म्हणाला, "ताई, याचीच एक लहान प्रत द्या मला. त्या कचेरीच्या कागदावर बारीक इंग्रजी हाय, वाचताच येत न्हाई. याच्यावर आकडे कसे साफ हायेत." मला बरं वाटलं. मी दुकानात येऊन दोन प्रती काढल्या, पाण्यानं खराब होऊ नयेत म्हणून दोन्हींना लॅमिनेशन केलं आणि पाठवून दिल्या. कचेरीतला मंजूर नकाशा रॅम्पच्या आधीचा होता. नवा नकाशा फक्त माझ्याकडं आला होता, आणि रॅम्पचं दादा समितीशी नाही, थेट इंजिनिअरशीच बोलला होता. म्हणजे त्या जागेवर रॅम्प कुठल्याच कागदावर नव्हता, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं.

दादा रोज खुर्ची घेऊन बांधकामावर जाणार होता. पण पाया खोदायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. खुर्चीत फार वेळ बसून बसून त्याच्या बुडाला जखम झाली होती. कमरेखाली कळत नाही, त्यामुळं त्याला पत्ता नव्हता, आणि लाजेनं मायला पाहू द्यायचा नाही. नांदेडच्या दवाखान्यात दोनदा ऑपरेशन झालं. अडीच महिने तो तिथं पालथा पडून होता. मी एक दिवसाआड जायचे. तो दरवेळी विचारायचा, "कुठवर आलं?" मी सांगायचे, खिडक्या बसल्या, स्लॅब पडला. मी स्वतः तिथं जाऊन पाहिलं नव्हतं. काका फोनवर सांगायचे तेच त्याला सांगत होते.

त्याला घरी आणलं त्या दिवशी तो जीपवाल्याला म्हणाला, आधी विहाराकडून घे. जीप अभ्यासिकेसमोर थांबली. इमारत उभी होती, प्लास्टर चालू होतं. पुढं पाच पायऱ्या, थेट गावच्या सिमेंट रस्त्यावर उतरणाऱ्या. पूर्वेकडच्या पट्टीत निम्म्या जागेवर शोषखड्डा झाला होता आणि पुढच्या बाजूला पाण्याच्या टाकीसाठी विटांचा चौथरा. दादा मागच्या सीटवर आडवा होता. हातांनी खिडकीला धरून त्यानं स्वतःला वर ओढलं आणि बघत राहिला.

"मिस्त्री," त्यानं हाक मारली, "रॅम्प काहून न्हाई केला?"

मिस्त्री जवळ आला. "कसला रॅम्प, सर? कागदावर न्हाई जी." त्यानं खिशातून लॅमिनेशन केलेली घडी काढली. तीन महिन्यांत तिचे कोपरे उलले होते, पण आतलं चित्र जसंच्या तसं होतं. "इथं तर फुलझाडं हायेत. काका म्हणले, फुलझाडांपायी एवढी जागा काहून वाया घालवायची, खड्डा आन् टाकी तिथंच घ्या. म्हणून घेतली."

दादानं कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "इंजिनिअरनं दिलाच नसेल. माझ्याकडं जे आलं तेच मी केलं."

दादानं जीपमधूनच इंजिनिअरला फोन लावला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणावर ओरडताना ऐकलं. पलीकडून इंजिनिअर काहीतरी समजावत होता, मी दिला होता सर, मी पाठवला होता सर, असं तुटक ऐकू येत होतं. दादा म्हणाला, "माझी बहीण खोटं बोलन का मंग? तुला पुण्यात बसून काय कळतंय आमचं?" आणि फोन ठेवून दिला. पुन्हा दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि मेल उघडला. इंजिनिअरच्या मेलला दोन फाइली होत्या. मी फक्त पहिली उतरवून घेतली होती. खाली त्यानं मराठीत लिहिलं होतं: ताई, रॅम्प दुसऱ्या फाइलमध्ये आहे, पहिलीला जोडलेला आहे, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा म्हणजे एकत्र दिसतील. मी तसं केलं आणि कॅड चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडं जाऊन उघडून पाहिलं. पूर्वेकडच्या पट्टीत मागच्या कोपऱ्यातून पुढपर्यंत रॅम्प होता. कठडा होता. वरच्या टोकाला थांबायला सपाट जागा होती. दादानं सांगितलेली तीस फुटांची लांबी त्याच्यावर लिहिलेली होती.

मग माझ्या कॉम्प्युटरवर पहिली फाइल एकटीच पुन्हा इम्पोर्ट केली. ती चौकट आली. या वेळी वाचली. जोडलेली फाइल सापडली नाही, तो भाग वगळला जाईल, असं त्यात लिहिलं होतं.

मी ते कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. दादा आताच दवाखान्यातून आलाय, त्याला त्रास नको, असं मी म्हणत होते. खरं कारण हे होतं, की सांगितलं असतं तर मला माहेरी तोंड दाखवता आलं नसतं. इंजिनिअर बिचारा गावात आला तरी आमच्या घराकडं फिरकेना. तो असता तर समितीपुढं बसून काहीतरी मार्ग काढला असता, त्याचं कचेरीत ऐकायचे. ते दारही माझ्या खोट्यानं बंद झालं.

मी माझ्या परीनं धडपड केली. टेप घेऊन जागा मोजली. पुढं रस्ता, पश्चिमेला दुसऱ्याची भिंत, पूर्वेला खड्डा आणि टाकी. वळणाचा रॅम्प, पायऱ्यांच्या जागी रॅम्प, मागून दार फोडून रॅम्प, असे तीन नकाशे मी केले आणि काकांकडं घेऊन गेले. काकांनी तिन्ही पाहिले. ते वाईट माणूस नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "काम पुरं झाल्याचा कागद कचेरीत गेला. आता खड्डा बुजवा, टाकी पाडा म्हणलं तर कोण ऐकन? पुढच्या बारीला बघू. तोवर चार पोरं हायेत की. उचलतील त्याला."

उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी त्याला उचललं. तो येणारच नव्हता, पण पाहुण्यांच्या हस्ते त्याचा सत्कार ठेवला होता आणि माय रडायला लागली. चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरली. तिसऱ्या पायरीवर एकाचा हात सटकला, खुर्ची कलली, दादानं घाबरून त्या माणसाच्या गळ्याला मिठी मारली. लोक म्हणाले, सांभाळून, सांभाळून. वर गेल्यावर टाळ्या वाजल्या. सत्काराच्या फोटोत दादाच्या गळ्यात हार आहे आणि त्याचे दोन्ही हात मांडीवरच्या चादरीला घट्ट धरून आहेत. तो आत पूर्ण एक तास होता. कपाटांकडं, टेबलांकडं त्यानं पाहिलं नाही. खाली आणल्यावर मला म्हणाला, "चल घरी."

पोरांना वर अभ्यास करायला मिळत होतं, ती पत्र्याखाली कशाला येतील? पहिले काही दिवस एक-दोन मुली सवयीनं येत राहिल्या. मग त्याही वर बसायला लागल्या. किल्ली काकांच्या पुतण्याकडं गेली. दादानं त्याच्या वह्या पाठवून दिल्या. पुतण्यानं त्या कपाटात ठेवल्या.

मला राहवेना. मी वसमतच्या एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी रॅम्प करून घेतला. जाड पत्रा, दोन्ही बाजूंना पट्टी, दहा फूट लांब, पायऱ्यांवर टाकायचा आणि काम झालं की उचलून ठेवायचा. दहाच्या वर लांब केला तर रस्ता अडतो, म्हणून दहा. अडीच फूट चढाला दहा फूट म्हणजे उभा चढ होतो, हे मला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "आणलाच हायेस तर बघू." माझं मन राखायला म्हणाला.

दोघांनी मागून खुर्ची ढकलली, मी पुढून ओढत होते. अर्ध्यावर पत्र्यावरून चाकं घसरायला लागली. मागच्या एकाचा पाय निसटला आणि खुर्ची तिरपी होऊन खाली गेली. दादा पत्र्याच्या कडेवर पडला. तो ओरडला नाही, त्याला कळलंच नाही. त्याच्या लुंगीवर रक्त दिसलं तेव्हा मला कळलं. नांदेडला शिवलेली जखम उकलली होती.

पुन्हा नांदेड. पुन्हा पालथं. यावेळी डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलंय, आता खुर्चीत बसणं विसरा. आता पालथं नाहीतर कुशीवर, एवढंच.

त्या खेपेला दवाखान्यात मी त्याला सांगितलं. दुपारची वेळ होती, माय डबा धुवायला गेली होती. त्याचं तोंड उशीवर एका बाजूला होतं, माझ्याकडं. मी खाली फरशीवर बसले म्हणजे त्याला मान वळवावी लागणार नाही.

"दादा, इंजिनिअरनं रॅम्प दिला होता. दुसरी फाइल होती. मी उघडलीच नाही."

मी तशीच पुढं बोलत गेले.

"कॉम्प्युटरनं सांगितलं होतं, मी वाचलं नाही. आणि तू फोन केलास तेव्हा मी परत बघितलं नाही. आणि जीपमध्ये मी खोटं बोलले."

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्याच दिवशी."

तो मोजत असावा. उद्घाटन, किल्ली, वह्या, तो लोखंडी पत्रा, सगळं त्यानंतरचं होतं.

"त्या पोराला मी लय बोललो," तो म्हणाला. मग, "तू तेव्हा सांगितलं असतं तर रॅम्पचा नकाशा हातात व्हता. खड्डा आन् टाकीचा चौथरा, एवढंच तर व्हतं. आठवड्यात निघालं असतं."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी तोंड लपवत होते ते दिवसच काय ते हातात होते.

"माफ कर," मी म्हणाले.

"ये म्हणलं तर येशील, नको म्हणलं तरी येशील," तो म्हणाला. "येत जा. पण त्या खोलीचं माझ्यापुढं काढू नको. आन् मायला सांगू नको, ती तुला घरात घेणार न्हाई."

माय डबा घेऊन आली. मी उठून तो तिच्या हातातून घेतला.

मी इंजिनिअरला फोन करून सगळं कबूल केलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "ताई, मला तेव्हाच वाटलं होतं. पण सर तुमच्या बाजूनं बोलले, मग मी काय बोलणार?" त्यानं दादाला फोन केला. दादानं उचलला नाही. नंतर मला म्हणाला, काय तोंडानं बोलू त्याच्याशी.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. लोखंडी रॅम्प अभ्यासिकेच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, पावसात गंजलाय. समितीत रॅम्पचा विषय निघतो आणि राहतो. दुकानात कुणी कॅडचा नकाशा घेऊन आलं तर मी काम घेत नाही. माझ्याकडून होत नाही, असं सांगते, आणि लोक पुढच्या दुकानात जातात.

दर रविवारी मी बसनं माहेरी जाते. दादा कुशीवर असतो, भिंतीकडं तोंड करून. जखम भरते, पुन्हा चिघळते. वर्तमानपत्र बंद केलं त्यानं. मी मलमपट्टी करते, मायच्या गुडघ्यांचं विचारते, हळद उकडायला कधी घेणार ते विचारते. तो हो-नाही म्हणतो. रागावून बोलला असता तरी बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात मी तिथं असताना एक मुलगी आली. पूर्वी पत्र्याखाली शिकायची ती. तिची तलाठी म्हणून निवड झाली होती, पेढे घेऊन आली होती. वर अभ्यासिकेत तिचा सत्कार होता आणि ती आधी सरांकडं आली होती. दादानं तिला जवळ बसवून घेतलं. कुठला पेपर अवघड गेला, किती प्रश्न सोडले, सगळं विचारलं. पाच-दहा मिनिटं त्याचा आवाज अगदी जुन्यासारखा होता. मला वाटलं, आता काहीतरी बदलेल.

ती म्हणाली, "सर, तुमी वर चला ना. तुमच्या वह्या अजून तिथंच हायेत. आमी घेऊन जातो की तुमाला, सगळेजण मिळून."

दादा हसला. म्हणाला, "जा तू, उशीर होईल."

ती गेली. बाहेर मुलांच्या घोळक्याचा आवाज विहाराकडं गेला. दादानं हातातला अर्धा पेढा माझ्याकडं दिला आणि मला कूस वळवायला सांगितलं. मी त्याला भिंतीकडं वळवलं, पायांमध्ये उशी ठेवली, चादर नीट केली.

"बाई," तो म्हणाला, "आता कोणी आलं तर मी झोपलोय म्हण."